आमगावचं फाटक

आमच्या माहेरी किंवा सासरी रस्ता कुणालाच माहीत नव्हता. म्हणजे बाजाराचा रस्ता माहीत होता, पिठाच्या चक्कीचा माहीत होता, पण एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्त्यानं जाता येतं हे आम्हा रेल्वेवाल्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. वडील नागपुरात अजनीला इंजिन ड्रायव्हर, दादा कामठीला, ताईचे मालक आमगावला पॉइंट्समन, म्हणजे गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते सांधे बदलणारे. माझंही लग्न झालं ते भिलाईच्या यार्डात डबे जोडणाऱ्या-तोडणाऱ्या शंटरशी. आमच्यात सोयरीक जुळवताना मुलगा किती शिकला ते मागाहून विचारत. त्याचं स्टेशन कोणतं आणि तिथं कोणत्या गाड्या थांबतात, ते आधी.

त्यामुळे माझा सगळा भूगोल रुळाला बांधलेला होता. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, सालेकसा, आमगाव, गोंदिया, तुमसर, भंडारा रोड, कामठी, नागपूर. हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. डोंगरगड आलं की खिडकीतून डोंगरावरच्या देवीला हात जोडायचे, गोंदियाला सुरई भरून घ्यायची. आणि आमगाव आलं की ताई.

घरातलं कुणी गाडीनं निघणार असलं की आदल्या दिवशीच्या गार्डाबरोबर पुढच्या स्टेशनांवर निरोप जाई. मग जिथं जिथं आपलं माणूस असेल तिथं तिथं ते डबा घेऊन फलाटावर हजर. आमगावला पॅसेंजर दोन मिनिटं थांबायची. तेवढ्यात ताई भरलेला डबा खिडकीतून आत द्यायची, मागच्या खेपेचा रिकामा डबा परत घ्यायची आणि सगळ्या बातम्या एका दमात सांगायची. कोण आजारी, कुणाला मुलगी झाली, म्हैस आटली, सासूबाईंचा गुडघा. मी उत्तराला तोंड उघडावं तोवर शिटी. "उतरू नको, सुटन!" हे तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं. चार पावलं ती गाडीबरोबर चालायची आणि मग मागं राहायची.

माझ्या लग्नानंतरच्या आमच्या भेटी त्या एवढ्याच. उतरावं तर पुढची पॅसेंजर दुसऱ्या दिवशी, यांची रजा मोजकी, पुढं नागपुरात सगळे वाट बघत बसलेले. "पुढल्या खेपेले उतरतो वं," असं मी दर खेपेला म्हणत असे, आणि ती दर खेपेला "होय होय" म्हणत असे. तरी ती भेट मला जिवापेक्षा प्यारी होती. पॅसेंजर सालेकसा सोडायची तेव्हाच मी केस सारखे करून खिडकीला चिकटायची.

भिलाई तेव्हा उभी राहत होती. आमचं क्वार्टर यार्डाजवळ, भिलाई-तीनच्या अंगाला. अंगणात धुणं वाळत घातलं की मुरमाच्या धुळीनं तांबूस होऊन घरात यायचं. रोज नव्या मालगाड्या, रोज नवे रूळ, आणि पलीकडे क्षितिजावर रोज थोडी थोडी वाढणारी चिमणी. पोलादाच्या प्लांटच्या आतसुद्धा रूळ अंथरले जात होते. तिथं त्यांना तयार शंटर हवे होते, आणि यांच्या साहेबाच्या ओळखीनं यांना बोलावणं आलं. पगार बरा, प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरात, नवं क्वार्टर, आणि क्वार्टरात नळ. यांचं मन तर केव्हाच तिकडे उडी मारून बसलं होतं. फक्त माझ्या होकाराची वाट होती आणि मी हटून बसले होते.

"प्लांटात पास भेटते का?" मी विचारलं.

"पास नाही भेटत. पण अवं, नळ भेटते घरात."

"नळाले काय करू? पास गेला म्हंजे माहेर गेलं, ताई गेली. मले नाही पाहिजे."

"तिकीट काढून जाता येते न."

"तिकीट?" मी म्हणाले, "आमच्या घरात आजवर कोणी तिकीट काढलं नाही." जणू काही तिकीट काढणं हे चोरीमारीत जमा होतं.

हे आठ दिवस गप्प राहिले. यांचं गप्प राहणं मला कधीच सोसत नसे, कारण त्यातून नेहमी काहीतरी निघे. या वेळी निघाली ती फटफटी. खुर्सीपारला एक पंजाबी मिस्त्री यांचा दोस्त होता. त्यानं लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी फटफटी घेऊन दुरुस्त केली होती. ती चार दिवसांसाठी मागून आणून यांनी अंगणात उभी केली. तिच्या आवाजानं शेजारणीची शेळी दावं तोडून पळाली.

"ऐक," हे म्हणाले. "रेल्वेविना माहेरी जाता येते का नाही, पाहूनच घेऊ. पहाटी निघू, दिवा लागाच्या आत तुले नागपुरात तुह्या आईच्या दारात उभी करतो. केलं, तर मी प्लांटात जातो. नाही केलं, तर रेल्वे सोडाची गोष्ट जन्मात काढणार नाही. कबूल?"

मला मनातून हसू आलं. ते यंत्र दुर्गपर्यंत तरी पोचेल अशी माझी खात्री नव्हती. "कबूल," मी म्हणाले.

शेजारपाजारच्या बायकांनी तोंडात बोटं घातली. पास असताना रस्त्यानं जातात म्हणजे पास जप्तच झाला असणार, असं दोघींनी ठरवूनही टाकलं. मी मात्र ताईला निरोप धाडायला विसरले नाही. आमगावला स्टेशनाच्या टोकाशी एक फाटक आहे. गाडीतून मी कित्येकदा पाहिलं होतं, फाटकाच्या अलीकडे-पलीकडे रस्ता, रस्त्यावर बैलगाड्या आणि मधूनच एखादा ट्रक खोळंबलेला. तीच मोठी सडक, यात मला शंका नव्हती. यांनाही नव्हती. पॅसेंजरच्या गार्डाला सांगितलं, ताईला म्हणावं, गुरुवारी आम्ही सडकेनं येऊन राहिलो, दुपारी फाटकापाशी उभी राहा.

गुरुवारी पहाटे निघालो. पौषातली थंडी. माझ्या अंगावर दोन लुगडी, वरून यांचा रेल्वेचा काळा कोट. मागच्या लोखंडी जाळीवर गोणपाट आणि त्यावर उशी बांधून माझी बैठक केलेली. यांनी खिशात रेल्वेचं वेळापत्रक घेतलं होतं. रस्त्यानं जाताना ते कशाला, असं मी विचारलं नाही. मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

दुर्गपर्यंत आणि पुढं राजनांदगावपर्यंत सगळं ओळखीचं होतं. सडक इकडे, लाईन तिकडे, कधी अगदी हाताशी. एक मालगाडी बराच वेळ आमच्याबरोबर चालली आणि तिच्या गार्डानं आम्हाला ओळखून हिरवी झेंडी दाखवली. हे इतके खूष झाले की दोन्ही हातांनी नमस्कार करायला गेले. मी ओरडले तेव्हा कुठं हँडल धरलं. दोन्ही बाजूंना चिंचेची आणि आंब्याची जुनी झाडं होती, पांढरे मैलाचे दगड होते, धान कापून नेलेली रिकामी शेतं होती. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. गाडीच्या खिडकीतून जग बाजूनं पळताना दिसतं, इथं ते समोरून येत होतं. पण तसं बोलून यांना कशाला चढवा, म्हणून मी थंडी वाजते एवढंच म्हणत राहिले.

राजनांदगावच्या पुढं लाईन दिसेनाशी झाली.

"लाईन कुठं गेली?" मी मागून विचारलं.

"असन आडोशाले. येईन परत."

ती काही परत येईना. डोंगरगडच्या देवीसाठी मी हात मोकळे करून बसले होते, पण डोंगरच आला नाही. दूर उजव्या हाताला निळसर काहीतरी दिसलं, तेही झाडांमागं गेलं. दोन्ही बाजूंनी जंगल दाटत चाललं. "अहो, विचारा न कोणाले," मी म्हटलं. हे म्हणाले, "विचाराचं काय त्यात? सडक नागपूरले जाते, लाईन नागपूरले जाते. दोघी वेगळ्या कशा जातीन?"

पुढं एका अरुंद पुलावर थांबावं लागलं. समोरून एक लांबच लांब ट्रेलर येत होता, वर ताडपत्रीत गुंडाळलेलं घराएवढं यंत्र. माणसाच्या चालीनं तो पुलावरून सरकला. बैलगाडीवाले, आम्ही, सगळे खाली उतरून कडेला उभे. यांनी डोक्यावरचा मफलर काढून हातात घेतला, वरात जाताना बघावं तसे बघत राहिले. "भिलाईले चाललं," हे म्हणाले. "आपल्या प्लांटचं सामान."

"आपला अजून झाला नाही प्लांट," मी म्हणाले.

"दिवा लागाले अजून टाइम हाय," हे म्हणाले आणि किक मारली.

देवरीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. चहाच्या टपरीवर थांबलो. मी घाईत होते, ताई फाटकावर उभी असणार. टपरीवाल्या म्हाताऱ्याला मी विचारलं, "बाबा, आमगाव आता किती राहिलं?"

"आमगाव?" त्यानं चहा गाळता गाळता हात थांबवला. "आमगाव या सडकेवर नाही जी, बाई. ते तिकडं, रेल्वेवर. हा उजव्या हाताचा कच्चा रस्ता जाते, जंगलाजंगलानं. बैलगाडीचा रस्ता हाय."

"आन् गोंदिया?"

"गोंदिया बी तिकडंच."

फाटकावर मी जो रस्ता पाहिला होता तो हा बैलगाडीचा रस्ता होता. मोठी सडक माझ्या ताईच्या गावाला कधी गेलीच नव्हती. यांनी नकळत खिशातून वेळापत्रक काढलं, उघडलं आणि परत ठेवून दिलं.

मी बाकड्यावर बसले. ताई दुपारपासून डबा घेऊन फाटकावर उभी असणार. मी निरोप दिला आणि आले नाही असं आजवर झालं नव्हतं. गाडी उशिरा यायची, पण यायचीच. आज ती रस्त्याच्या टोकाकडे बघत बसणार, मग अंधार पडल्यावर घरी जाणार, आणि फटफटीवर बसलेल्या बहिणीचं काय झालं असेल या विचारानं तिच्या गळ्याखाली घास उतरणार नाही.

टपरीवाल्याला हे विचारत होते. सरळ गेलं तर साकोली, लाखनी, भंडारा, मग नागपूर. सारखं चालत राहिलं तर दिवेलागणीला पोचता येईल, जेमतेम पण पोचता येईल. आमगावला वळलं तर आज नागपूर नाही.

म्हणजे माझं जिंकणं त्या उजव्या हाताच्या रस्त्यावर पडलेलं होतं. मी नुसतं "ताईकडे चला" म्हणायचा अवकाश. पण तेच मला म्हणता येईना. मी म्हटलं तर यांना वाटणार, पैज जिंकायला म्हणते. हे यांना वाटावं, हे मला चालणार नव्हतं. मी भांडखोर असेन, लबाड नव्हते. म्हणून चहा संपवला, कप ठेवला आणि म्हटलं, "चला. उशीर होऊन राहिला."

यांनी फटफटी चालू केली. मी मागं बसले, पदर तोंडावर ओढून घेतला. रडत होते ते दिसू नये म्हणून. आणि फटफटी उजवीकडे वळली.

धक्के बसायला लागले तेव्हा मला कळलं. मी यांच्या पाठीवर थाप मारली. "कावून वळवली?"

"ताई उभी हाय न," हे म्हणाले. त्या रस्त्यावर बोलायची सोय नव्हती. चाकोऱ्यांमधून फटफटी बैलासारखी अडत होती, नाल्यांत उतरून ढकलावी लागत होती. एकदा दोघंही वाळूत आडवे झालो. यांचा गुडघा खरचटला, माझ्या बांगड्या फुटल्या. हे ढकलत होते आणि मी मागून ढकलत होते आणि उन्हं लांबत चालली होती. यांच्या प्लांटकडे, नळाकडे आणि नव्या क्वार्टरकडे पाठ करून हे चालले होते. मला ते कळत होतं. यांनाही कळत होतं.

फाटक लांबूनच दिसलं, पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांचं. फाटकवाल्याच्या खाटेवर ताई बसली होती, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. फटफटी पाहिली आणि ती उठून धावत आली. आम्ही थांबतो न थांबतो तोच तिनं डबा माझ्या हातात कोंबला आणि सुरू झाली, "हे धर. लाखोळीचे वडे हायेत, सकाळीच तळले. वरच्या डब्यात पातोडी. आईले सांग मी बरी हाय. सासूबाईचा गुडघा तसाच हाय. म्हैस व्याली, पारडी झाली. आमच्या ह्यायची बदली होणार होती, आता नाही होत. तू कावून वाळली इतकी? बांगड्या कशा फुटल्या? राहू दे, पुढल्या खेपेले सांग. अवं, उतरू नको, उतरू नको, सुटन!"

मी उतरले.

ताई बोलायची थांबली. तिच्या सगळ्या बातम्या सांगून झाल्या होत्या. दोन मिनिटं केव्हाच संपली होती, आणि काहीही सुटलं नव्हतं. आम्ही दोघी फाटकात एकमेकींसमोर उभ्या राहिलो. मग ती माझा हात धरून माझ्याकडे नुसती बघत राहिली. इतक्या जवळून, खिडकीचे गज मधे नसताना, मी तिला कितीतरी वर्षांनी पाहत होते. तिच्या कानापाशी केस पांढरे झाले होते. ते गाडीतून कधी दिसलेच नव्हते.

"घरी चल न वं," ती शेवटी म्हणाली. घाबरत विचारल्यासारखी.

तिचं क्वार्टर स्टेशनामागंच होतं. जे घर मी दर खेपेला गाडीतून बघत असे, त्याचं दार मला ठाऊक नव्हतं. चूल कोणत्या कोपऱ्यात, देव कुठं मांडलेत, ती पाणी कुठून भरते, काही ठाऊक नव्हतं. तिच्या डब्यातलं मी किती वर्षं खात आले होते, पण ती ते कुठं बसून रांधते ते आज पाहिलं. मी चुलीपुढं बसून भाकऱ्या थापल्या, तिनं शेकल्या. आम्ही भांडलोसुद्धा, भाकर जाड की पातळ यावरून, लहानपणी भांडायचो तसं. बाहेर हे आणि भाऊजी फटफटीचा एकेक भाग सोडवून कंदिलापाशी मांडून बसले होते. भाऊजी फटफटीकडे इंजिनाच्या पिल्लाकडे बघावं तसे बघत होते.

ताईनं देवापुढं दिवा लावला तेव्हा हे दारात आले. गुडघ्यावर हळद लावलेली. दिव्याकडे बघून म्हणाले, "लागला दिवा. मी हरलो." बोलले ते हसून, पण आवाजात हसू नव्हतं. यांच्या पानात भाकर वाढली, वर लोणी जास्त घातलं आणि आत गेले.

सकाळी उकडपेंडी खाऊन निघायची तयारी केली. हे फाटकाजवळ फटफटीला सामान बांधत होते, ताई माझ्या दंडाला धरून उभी होती. तेवढ्यात फाटक पडलं. भिलाईकडून येणारी पॅसेंजर होती ती. एरवी पासावर आम्ही याच गाडीत असायचो. इंजिन गेलं, मागून डबे हळूहळू पुढं सरकायला लागले. ताईचा हात माझ्या दंडावर होता, पण मान गाडीकडे. एकेक खिडकी ती निरखून बघत होती. एक डबा झाला, दुसरा झाला. पुढं झुकून, टाचा उंचावून.

"ताई, कोणाले पाहून राहिली?"

"तुले," ती म्हणाली.

मग तिला कळलं. ती हसायला लागली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "सवय झाली वं," ती म्हणाली. मी तिला धरलं. गाडी फलाटाला लागली, दोन मिनिटं थांबली, सुटली. आम्ही दोघी तिथंच होतो.

फाटक उघडलं. हे किक मारायला वळले, तेव्हा मी ताईसमोरच यांना सांगितलं, "अहो, नागपूरहून परतलो की प्लांटात होकार देऊन या."

यांचा पाय किकवरच राहिला. "पण मी तर हरलो."

"हरले न," मी म्हणाले. "तरी जा."

"आन् पास?"

"राहू द्या रेल्वेवाल्यायजवळच," मी म्हणाले, आणि ताईचा मागच्या खेपेचा रिकामा डबा तिला परत न देता पिशवीत ठेवला. तो घेऊन पुन्हा मलाच यायचं होतं.